खोलीचं तोंड बागेकडे

बागेला लागून असलेली खोली सजवायची ठरली की पहिली फेरी बहुधा नर्सरीत होते आणि दुसरी फर्निचरच्या दुकानात. कुंड्या येतात, वेताच्या दोन खुर्च्या येतात, भिंतीवर पानाफुलांचा कागद लागतो. पहिला पावसाळा सरला की निम्मी रोपं पिवळी पडलेली असतात, वेतावर पांढरट बुरशी धरलेली असते, आणि संध्याकाळी डास येतात म्हणून बागेकडचं दार लावून घ्यायची सवय घरातल्या सगळ्यांना लागलेली असते. पैसे खर्च होतात आणि बाग होती तितकीच लांब राहते.

चूक निवडीत नसते, क्रमात असते. ऊन, वारा, पाणी आणि नजर यांची सोय आधी लावायची आणि रंग, आसनं, कापड, कुंड्या यांच्याकडे नंतर वळायचं. आधीची कामं नीट झाली तर नंतरच्या वस्तू फार थोड्या लागतात, असा अनुभव बहुतेक घरांत येतो. म्हणून या लेखात आपण त्याच क्रमाने जाऊ.

उदाहरणासाठी पुण्याकडची एक साधी खोली धरू. तळमजल्यावर, १० बाय १२ फुटांची, पूर्वेला परसात उघडणारं दार, दक्षिणेला मोठी खिडकी आणि पश्चिमेला एक लहान. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे हीच गणितं थोड्या फरकाने चालतील. कोकणात आणि गोव्यात पाऊस आणि दमट हवा जास्त, तिथे काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

पहिलं काम खडू घेऊन करायचं. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला ऊन खोलीत कुठपर्यंत येतं त्याची रेघ फरशीवर मारावी आणि शेजारी तारीख लिहून फोटो काढून ठेवावा. शक्य असेल तर एकदा थंडीत आणि एकदा एप्रिलमध्ये. एवढ्याने खोलीतली बसायची जागा, कुंडीची जागा आणि पडदा कुठे हवा, यातली अर्धी उत्तरं मिळतात.

या रेघा ऋतूप्रमाणे सरकतात, त्याचं कारण समजून घेतलं तर छज्जा किती हवा हेही कळतं. पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेच्या आकाशात क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो ७१ अंशांवर जातो. मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो.

आता दक्षिणेच्या खिडकीच्या वरच्या कडेलगत २ फूट पुढे आलेला छज्जा आहे असं समजा. मार्चमध्ये दुपारी त्याची सावली खिडकीवर सुमारे ६ फूट उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरमध्ये तीच सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि खालच्या भागातून ऊब आत येते. थंडीत ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर, आणि त्यासाठी एकदाच बांधलेला छज्जा पुरतो. दक्षिणेची खिडकी लाभली असेल तर ती पडद्याने झाकू नये.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. दुपारी चारनंतर सूर्य इतका खाली येतो की छज्जा कितीही लांब केला तरी ऊन त्याच्याखालून आत शिरतं. सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेला भिंतभर काच बसवतात आणि मार्चपासून जूनपर्यंत ती खोली संध्याकाळी वापरता येत नाही, हे मी अनेक नव्या घरांत पाहतो. पश्चिमेला लहान खिडकी पुरे. तिच्यापुढे उभी सावली हवी, म्हणजे बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा, वेल किंवा झाड. पडदा काचेच्या बाहेरच्या बाजूला लावावा. ऊन एकदा काचेतून आत आलं की आतला पडदा फक्त डोळ्यांना आराम देतो, खोली तापायची ती तापतेच.

दुसरं काम ओलीचं. हे कंटाळवाणं आहे, आणि नेमकं हेच टाळलं जातं. बागेकडच्या भिंतीचा गिलावा खालून एक-दोन फूट फुगलेला दिसतो, रंगाचे पोपडे पडतात, आणि रंगारी त्यावर पुट्टी भरून नवा रंग देतो. पुढच्या श्रावणात तेच पोपडे परत येतात, कारण पाणी जिथून येतंय ती जागा तशीच असते.

पाणी कुठून येतं ते एका सोप्या परीक्षेने कळतं. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर खोलीतली दमट हवा भिंतीवर गार होऊन पाणी सोडते आहे, आणि त्यावर उपाय वारा खेळवणं हा आहे.

भिंतीतून येणाऱ्या ओलीचं कारण बरेचदा बागच असते. वर्षानुवर्षं माती आणि खत टाकून वाफ्याची पातळी चढत जाते आणि जोतं, म्हणजे फरशीच्या खालचा पायाचा उघडा भाग, मातीत गाडलं जातं. मग रोज घातलेलं पाणी थेट भिंतीला लागतं. माती खणून जोतं मोकळं करावं. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान ६ इंच, शक्यतो फूटभर खाली असावी आणि तिचा उतार घरापासून दूर जाणारा असावा.

छपराच्या कडेवरून पागोळ्या जिथे पडतात तिथे मातीऐवजी दीड-दोन फूट रुंदीचा खडीचा पट्टा करावा. पागोळ्यांचं पाणी मातीवर आदळून चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडतात, ते खडीवर उडत नाहीत. कोकणात हा पट्टा तीन फुटांचा करावा आणि त्याच्या कडेने पाणी वाहून नेणारी पन्हळ काढावी. या पट्ट्याचा आणखी एक फायदा दाराशी आहे. झाडोरा आणि दगडांचा ढीग दारापासून दूर राहतो, त्यामुळे उंदीर-बेडूक आणि त्यांच्या मागे येणारे साप उंबऱ्याशी लपत नाहीत. दाराखालची फट रबराच्या पट्टीने बंद करावी. साप दिसलाच तर त्याला डिवचू नये, गावातल्या सर्पमित्राला बोलवावं. बागेत फिरणारी धामण बिनविषारी असते आणि उंदीर खाते.

ओलीचं काम मार्च ते मे या काळात उरकावं. भिंत वाळायला ऊन लागतं.

तिसरं काम वाऱ्याचं. वारा आत यायला जशी वाट लागते तशीच बाहेर जायलाही लागते. एकच खिडकी सताड उघडी असली तरी हवा हलत नाही. आपल्या उदाहरणात पश्चिमेच्या खिडकीतून आत येऊन पूर्वेच्या दारातून बाहेर जाण्याची सोय आहे. मधे उंच कपाट ठेवलं की ही वाट बुजते. भिंतीत वर, छताजवळ एखादा झरोका असेल तर तापलेली हवा तिथून निघून जाते. जुन्या घरांत हे झरोके कागद आणि पुठ्ठे लावून बंद केलेले असतात, ते आधी उघडावेत.

खिडकी बदलायची झाली तर बिजागऱ्यांवर बाहेर उघडणारी झडप घ्यावी. दोन तावदानांची सरकती खिडकी जास्तीत जास्त निम्मीच उघडते, कारण एक तावदान कायम दुसऱ्यामागे उभं असतं. ही साधी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

डासांची जाळी हवीच, आणि दिवसाही हवी, कारण डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. जाळीने वारा आणि उजेड थोडा कमी होतो. धुळीने ती बुजली की दोन्ही फारच कमी होतात. म्हणून जाळी काढून धुता येईल अशा चौकटीत बसवावी. दाराला जाळीचं वेगळं, आपोआप लागणारं कवाड लावलं तर मुख्य दार दिवसभर उघडं राहू शकतं. माझ्या मते या सगळ्या खर्चात सर्वाधिक मोल याच एका कवाडाचं आहे, कारण बागेचा वास आणि आवाज दारातूनच येतात.

चौथं काम नजरेचं, आणि इथे थोडं थांबू.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदींवरून रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. अभ्यास लहान होता, पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्या खोल्यांत सजावटीचा फरक नव्हता. फरक पलंगावरून काय दिसतं याचा होता.

आपल्या खोलीतही हाच प्रश्न विचारायचा: बसल्यावर काय दिसतं? बहुतेक घरांत खिडकीचा खालचा कठडा फरशीपासून ३ फुटांवर असतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ३ फूट ११ इंचांवर येतात. खिडकीपासून ४ फूट आत बसलं आणि बाहेरची जमीन फरशीपेक्षा फूटभर खाली असली, तर त्या कठड्यावरून भिंतीपलीकडच्या सुमारे १८ फुटांनंतरचीच जमीन दिसते. म्हणजे आपण मेहनतीने लावलेला खिडकीखालचा वाफा आपल्यालाच दिसत नाही. दिसते ती कुंपणाची भिंत आणि शेजारच्यांची पाण्याची टाकी. फरशीवर चटई टाकून बसलं तर डोळे अडीच फुटांच्याही खाली जातात आणि फक्त आकाश उरतं.

कठडा दीड फुटांवर आणला तर त्याच खुर्चीवरून भिंतीपासून ४ फुटांवरची माती दिसू लागते. खिडकीची रुंदी तीच ठेवून फक्त खाली वाढवायची असल्याने वरच्या तुळईला हात लागत नाही. तरी भिंत भार घेणारी आहे का, हे बांधकामाच्या जाणकाराला विचारूनच हातोडा लावावा, आणि सोसायटीत असाल तर आधी परवानगी घ्यावी. लहान मुलं असतील तर खाली गज हवेतच. गज उभे घ्यावेत. आडव्या गजांवर मुलं चढतात.

भिंत फोडायची नसेल तर स्वतः वर चढायचं. खिडकीला टेकून दीड फूट उंचीचा आणि अडीच फूट खोल ओटा करावा, बांधीव किंवा लाकडी. त्यावर मांडी घालून खिडकीच्या कडेला बसलं की कठड्यावरून थेट खाली वाफ्यात पाहता येतं. पाय पसरून वाचता येतं, दुपारी आडवं होता येतं, खाली खण काढले तर पावसाळ्यात गाद्या ठेवता येतात. मला विचाराल तर एवढा एक ओटा आणि जाळीचं कवाड झालं की खोलीचं निम्म्याहून अधिक काम झालं. टीव्ही या खोलीत नसावा, कारण तो असला की सगळी आसनं आपोआप त्याच्याकडे तोंड करतात.

पाचवं काम भिंतीच्या बाहेरचं, आणि सजावटीचा बहुतेक पैसा इथे लावावा असं मी आग्रहाने सांगेन. बसल्या जागेवरून जे दिसतं ते तीन अंतरांत लावावं. खिडकीपासून चार-सहा फुटांत बुटकी, बारीक पानांची, हात लावावीशी वाटणारी झाडं. मधे जास्वंद, कढीपत्ता, लिंबू अशी छातीएवढी झुडपं. आणि मागे, भिंतीला पुरेसं अंतर सोडून, एखादं झाड. वड, पिंपळ आणि उंबर यांची आपोआप उगवलेली रोपं भिंतीजवळ दिसली तर लहान असतानाच उपटून दुसरीकडे लावावीत, त्यांची मुळं भिंती फोडतात.

पश्चिमेच्या सावलीसाठी झाड निवडताना परदेशी पुस्तकांतला एक सल्ला आपल्याकडे उलटा पडतो. तिकडे पानगळीची झाडं लावतात, कारण ती हिवाळ्यात ऊन आत सोडतात. आपल्याकडे पांगारा, पळस, सावर ही झाडं निष्पर्ण होतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, नेमकी सावली हवी तेव्हा. बहावाही फुलण्याआधी पानं टाकतो. म्हणून पश्चिमेला बकुळ किंवा सोनचाफा यांसारखं सदाहरित, म्हणजे वर्षभर पानं धरून राहणारं झाड लावावं. सोनचाफा लवकर वाढतो, बकुळ सावकाश. तोवर जाई, जुई किंवा कृष्णकमळाची वेल चढवावी. वेलीचा सांगाडा भिंतीपासून निदान फूटभर लांब उभा करावा, म्हणजे मधून हवा खेळते आणि भिंत ओली राहत नाही.

वासाची वेळ साधता येते. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे सडा टाकतो, म्हणून तो पूर्वेच्या दाराशी. मोगरा उन्हाळ्याच्या संध्याकाळी, बसायच्या ओट्याजवळ. रातराणीचा वास काहींना रात्री डोकं दुखवतो, तिला झोपायच्या खिडकीपासून लांब ठेवावं.

फुलपाखरं हवी असतील तर फुलांइतकाच पानांचा विचार करावा, कारण अळी पानं खाते. कढीपत्ता आणि लिंबू यांवर मॉरमॉन फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं निळं-काळं ब्ल्यू मॉरमॉन याच लिंबूकुळातल्या झाडांवर अंडी घालतं. रुईवर प्लेन टायगर येतं, पानफुटीवर रेड पिएरो. इथे नेहमीची गडबड अशी होते की पानांना भोकं दिसली की औषध फवारलं जातं आणि मग फुलपाखरं का येत नाहीत असा प्रश्न पडतो. एक कढीपत्ता स्वयंपाकासाठी आणि एक अळ्यांसाठी, अशी वाटणी करून टाकावी.

पक्ष्यांपैकी जास्वंदीवर शिंजीर येतो, रुंद पानं शिवून शिंपी पक्षी घरटं करतो. पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं मातीचं, खरबरीत आणि उथळ असावं. इंच-दोन इंच पाणी पुरे, मधे एक दगड ठेवावा. मांजर दबा धरू शकेल अशा झुडपापासून ते चार-पाच फूट दूर असावं. पाणी रोज बदललेलं उत्तम, दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवूच नये, कारण डासाचं अंडं ते उडता डास हा प्रवास आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. मोठी काच असेल तर तीत झाडांचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी तिच्यावर येऊन आपटतात. काचेच्या बाहेरून दर दोन इंचांवर पांढरे ठिपके काढले तर हे टळतं. काचेवर एकच ससाण्याचं चित्र चिकटवल्याने उपयोग होत नाही.

आता आत येऊ. फरशी बागेतून आलेल्या ओल्या, मातकट पायांची असते हे धरून चालावं. गुळगुळीत टाइल इथे धोक्याची. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही दगड पायाला गार लागतात आणि टिकतात, पण ते चुनखडीचे आहेत, म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा मोरीचं ॲसिड लागलं की त्यांवर पांढरे डाग उठतात. पुसायला साधं पाणी घ्यावं. दारालगतचे तीन-चार फूट न घासलेला, खरबरीत दगड बसवावा. कोकणात जांभा सहज मिळतो आणि दिसतो सुंदर, पण तो पाणी धरून ठेवतो. तो बाहेरच्या पायरीला आणि पायवाटेला वापरावा.

भिंतीला चुना लावता आला तर लावावा. चुन्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडते, प्लॅस्टिक रंगाखाली ती कोंडते आणि रंग फुगतो. चुन्यात थोडं डिंकाचं पाणी घालून, भिंत ओलसर करून, पातळ हात तीनदा द्यावेत. जाड एकच हात दिला तर तो तडकतो. जुना तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग पूर्ण खरवडल्याशिवाय चुना धरत नाही. चुना डोळ्यांना भाजतो, लावताना चष्मा हवाच. चुन्याची भिंत कपड्यांना थोडी लागते, म्हणून पाठ टेकायच्या जागी चटई किंवा लाकडाची पट्टी लावावी.

रंगाबद्दल एकच सांगणं. खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत आणि खिडकीच्या आतल्या कडा फिक्या ठेवाव्यात. गडद भिंतीत लखलखीत खिडकी असली की डोळे दिपतात आणि बाग काळपट दिसते. उरलेल्या भिंतींना गेरू, मातकट पिवळा, राखी असं काहीही चालेल. हिरवा रंग मात्र मी टाळेन, कारण बाहेरच्या पानांशेजारी तो फिका आणि खोटा दिसतो.

आसनांसाठी बांबू, वेत आणि सागवान. बांबूत पिष्ट असतं आणि त्यावर भुंगेरे येतात. खुर्चीखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर ते आत शिरलेत असं समजावं. घेतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू आहे का ते विचारावं. कोकणातला माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, कुडाळकडे त्याचं चांगलं फर्निचर बनतं. प्लायवुड आणि भुशाच्या फळ्यांचं सामान या खोलीत नको, ते दमट हवेत फुगतं. लाकडावर चकचकीत पॉलिशपेक्षा तेल मुरवावं. आजोबांची घडवंची किंवा काथ्याची बाज माळ्यावर पडून असेल तर तिची खरी जागा इथे आहे. झोपाळा टांगायचा असेल तर छतातला हूक आणि स्लॅब जाणकाराकडून तपासून घ्यावा. हलणारं वजन स्थिर वजनापेक्षा जास्त ताण देतं.

कापड खादीचं किंवा सुती, धुता येईल असं. घोंगडी थंडीत अंथरावी आणि मृगाआधी उन्हात वाळवून आत ठेवावी, नाहीतर कुबट वास धरते. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडलं की वारा गार आणि सुगंधी येतो. देशावर कोरड्या हवेत पाणी भरभर उडून गारवा करतं. मुंबईत आणि कोकणात हवा आधीच दमट असल्याने तिथे फक्त वास मिळेल, गारवा फारसा नाही.

कुंड्या सर्वांत शेवटी, आणि थोड्या. ‘झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात’ हे वाक्य १९८९ सालच्या नासाच्या एका प्रयोगावरून पसरलं. तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. उघडणाऱ्या खिडक्यांइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान १०, आणि काही हिशोबांनुसार १००० झाडं लागतील असं त्यात निघालं. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी आणि कुंडी तिच्या पानांसाठी ठेवावी.

जागेचा उजेड हाताने मोजता येतो. दुपारी कुंडीच्या जागी कागद ठेवून त्याच्यावर फूटभर उंच हात धरावा. सावली ठळक पडली तर तिथे तुळससुद्धा जगेल. पुसट पडली तर नेचे, मनी प्लांट, एरिका पाम. पडलीच नाही तर तिथे स्नेक प्लांटही फक्त तग धरेल, वाढणार नाही, त्यापेक्षा ती जागा रिकामी बरी. घरातली बहुतेक रोपं तहानेने मरत नाहीत, जास्त पाण्याने मुळं कुजून मरतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघावं, ओल लागली तर पाणी देऊ नये. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी त्याच दिवशी ओतून टाकावं. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबेकिया आणि मनी प्लांट हाताच्या पलीकडे ठेवावेत. त्यांच्या पानांत सुईसारखे बारीक खडे असतात, चावलं तर तोंड सुजतं.

रात्रीचा उजेड हा शेवटचा भाग. खोलीत प्रखर दिवा लावला की काचेचा आरसा होतो आणि बाग नाहीशी होते. ओट्याजवळ एकच मंद, पिवळसर दिवा ठेवावा, २७०० केल्विन किंवा त्याहून कमी आकडा खोक्यावर बघून घ्यावा. आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. बाहेर दिवा लावायचाच तर गुडघ्याएवढा, खाली तोंड केलेला आणि आपण बसलो असू तेवढाच वेळ. रात्रभर जळणारे दिवे पतंगांना झाडांपासून ओढून घेतात.

वर्षाला दोनदा थोडी डागडुजी लागते. मेच्या अखेरीस छपरावरची पन्हळ आणि खडीचा पट्टा पाचोळ्यातून मोकळा करावा, जाळ्या धुवाव्यात, वेत आणि बांबू भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावेत. दसऱ्याच्या सुमारास जोत्याजवळ चढलेली माती खाली घ्यावी आणि वेल छाटावी. छाटण्याआधी आत हात घालून, पानं बाजूला करून नीट पाहावं. बुलबुल दाराजवळच्या वेलीतच घरटं बांधतो. अंडी दिसली तर कात्री महिनाभर बाजूला ठेवावी, तेवढ्यात पिल्लं उडून जातात.